रोजची चावी

आमच्या घरी फज्रच्या नमाजेनंतर अब्बांची तीन कामे ठरलेली असत. आधी कुरआनची तिलावत, मग अम्मीने केलेला चहा, आणि चहाचा कप खाली ठेवला की घड्याळाला चावी. या क्रमात कधी बदल झाल्याचे मला आठवत नाही. ईदच्या सकाळी नाही, घरात लग्नाची गडबड असताना नाही आणि ते स्वतः तापाने फणफणले असतानाही नाही. रमजानमध्ये मधला चहा तेवढा गळायचा. मनगटावरचे घड्याळ काढायचे, डाव्या तळहातावर घ्यायचे, बाजूची छोटी दातेरी चावी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची आणि पुढे-मागे फिरवायची. कर्र, कर्र, कर्र. अब्बा मनातल्या मनात मोजत. पंचवीसच्या पुढे गेले की त्यांची बोटे आपोआप सावध होत.

"भरत आलं की चावीच बोटाला सांगते," ते म्हणत. "तिचं ऐकायचं. त्यापुढे जोर लावायचा नाही."

ही चावी आपल्याला द्यायला मिळावी म्हणून आम्हा तिन्ही भावंडांत चढाओढ असे. अब्बांनी त्यावर नियमच केला होता. ज्याने रमजानचा पहिला पूर्ण रोजा ठेवला, त्याला ईदच्या सकाळी चावी द्यायला मिळेल. माझी पाळी आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ईदीत काय मिळाले ते विसरले, पण बोटाखाली वाढत गेलेला तो ताण अजून आठवतो.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि तो सेकंदासकट वेळ दाखवतो. अशा काळात चावीच्या घड्याळाचे कौतुक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न चुकीचा नाही. मी स्वतः बरीच वर्षे तोच प्रश्न विचारत होते. उत्तर मिळाले ते अब्बांच्या शेवटच्या दोन वर्षांत. तेच आज सांगायचे आहे. पण त्याआधी ते घड्याळ काय होते, ते चालते कसे, हे पाहू.

अब्बांचे घड्याळ होते एचएमटीचे 'जनता'. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कपाटाच्या कप्प्यात, जुन्या कागदपत्रांबरोबर असे एखादे घड्याळ पडलेले असेल. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली बंगळूरला स्थापन झाली. यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करणे हे तिचे मूळ काम. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळांचा कारखाना काढला आणि तिथली पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी मनगटी घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशी वस्तू, साहेबाच्या किंवा सावकाराच्या हातावरची. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर', 'सोना', बायकांसाठी 'सुजाता' अशा नावांनी ही घड्याळे शिक्षक, कारकून, रेल्वेवाले, एसटीवाले यांच्या मनगटावर आली. 'जनता'च्या काही तबकड्यांवर देवनागरी आकडे असत. अंध व्यक्तींना बोटाने चाचपून वेळ कळावी म्हणून एचएमटीने ब्रेल घड्याळही काढले होते.

अब्बा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता आली, किती वाजता सोडली, याची नोंद करणे हेच त्यांचे काम. अशा माणसाच्या हातावर लग्नाआधी घड्याळ नव्हते. त्या काळी मुलाच्या बाजूने मागायच्या वस्तूंची यादी ठरलेली असे : घड्याळ, सायकल, रेडिओ. आपल्या समाजातही ही यादी बिनबोभाट चालत होती, हे कबूल केले पाहिजे. मेहर बांधायचा नवऱ्याने, आणि घड्याळ द्यायचे नवरीच्या बापाने! आमच्या नानांनी कर्ज काढून घड्याळ आणायची तयारी केली होती. अब्बांना ते कळले तेव्हा त्यांनी निरोप धाडला की घड्याळ आणाल तर मी ते हातावर बांधणार नाही. निकाहनंतर दोन वर्षे ते पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत राहिले, मग नाव नोंदवून वाट पाहिली आणि 'जनता' आणले. स्टीलची साधी डबी, पांढरी तबकडी, कातडी पट्टा. अम्मी ही गोष्ट सांगताना आजही थोडी ताठ बसते.

आता या घड्याळात असते काय? बॅटरी नाही, वीज नाही. चावी फिरवली की आतल्या एका गोल डबीत पोलादाची लांब पातळ पट्टी घट्ट गुंडाळली जाते. हीच मेन स्प्रिंग. गुंडाळलेल्या पट्टीला उलगडायचे असते. तिला एकदम उलगडू दिले तर सगळी चाके काही क्षणांत गरगर फिरून थांबतील. म्हणून दातेरी चाकांच्या रांगेच्या शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. एक नाजूक चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुलते. प्रत्येक झोक्याला ते एकच दाता पुढे सोडते आणि पुन्हा अडवते. सोडणे आणि अडवणे, सोडणे आणि अडवणे. आपण जिला टिकटिक म्हणतो ती या अडवण्याची.

'जनता'त हे चाक तासाला 18,000 झोके घेते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे झाले 4,32,000. तबकडीवर '17 ज्वेल्स' असे लिहिलेले दिसते, त्याचा दागिन्याशी संबंध नाही. चाकांच्या बारीक टोकांना घासून झिजवणार नाही असा कठीण, गुळगुळीत आधार लागतो. त्यासाठी कारखान्यात तयार केलेली कृत्रिम माणके बसवतात. अशी सतरा माणके आत असतात. एकदा पूर्ण चावी दिली की घड्याळ साधारण दीड दिवस चालते. म्हणजे फज्रनंतर आपल्या दोन बोटांनी दिलेला जोर थेंबाथेंबाने खर्च होत दुसऱ्या दिवशीच्या फज्रपर्यंत पुरतो आणि थोडा शिल्लकही राहतो. एखादा दिवस चुकला तर मात्र ते थांबते.

खरे सांगायचे तर वेळ दाखवण्याच्या कामात हे घड्याळ फार हुशार नाही. चांगल्या स्थितीतले 'जनता'सुद्धा दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे होते. 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या अशा घड्याळात झुलणाऱ्या चाकाऐवजी गारेचा इवलासा स्फटिक असतो आणि तो बॅटरीच्या विजेवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. ते महिन्याकाठी काही सेकंदच चुकते, आणि बॅटरी संपेपर्यंत त्याच्याकडे बघावे लागत नाही. आपल्याकडे 1987 पासून टायटनने अशी घड्याळे घरोघरी पोहोचवली. एचएमटी मागे पडत गेली. 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. हिशेबाने पाहिले तर यात रडण्यासारखे काही नाही. अधिक अचूक आणि कमी कटकटीची वस्तू आली, लोकांनी ती घेतली.

पण एक विचार करा. दिवसाचे 86,400 सेकंद. त्यातले तीस सेकंद चुकले म्हणून अब्बांचे काय बिघडले? ते रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी काटा बघत आणि फरक पडला असेल तर चावी बाहेर ओढून दुरुस्त करत. म्हणजे रोज दोन कामे : जोर भरायचा आणि चूक सुधारायची. आपले घड्याळ चुकत असणार, हे ते धरूनच चालत. स्टँडवर कोणी "तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे" म्हणाले तर ते वाद घालत नसत, विचारून घेत.

घड्याळ रोज लावून घेण्याची ही सवय आपल्या उम्मतीला नवी नाही. नमाज ठरलेल्या वेळी फर्ज आहे, त्यामुळे वेळ मोजणे हे आपल्याकडे फार पूर्वीपासून दीनी कामाचा भाग झाले. मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' नावाचा जाणकार नेमलेला असे. सूर्य आणि तारे पाहून नमाजेच्या वेळा काढणे हे त्याचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे चौदाव्या शतकातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी 1371 च्या सुमारास त्या मशिदीच्या मिनारसाठी छायेवरून वेळ दाखवणारी भव्य सूर्यघडी तयार केली. त्याच दमास्कसमध्ये 1526 साली जन्मलेल्या तकीउद्दीन यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर वजनावर आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अब्बांच्या मनगटावरच्या यंत्राचा विषय आपल्या विद्वानांच्या टेबलावर साडेचारशे वर्षांपूर्वीच होता.

त्याहून मला आवडते ती उस्मानी तुर्कांची रीत. त्यांच्याकडे मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, घड्याळात बारा वाजत आणि तिथून नवा दिवस सुरू होई. सूर्यास्त तर रोज थोडा सरकतो. म्हणजे घड्याळ कितीही चांगले असले तरी ते रोज नव्याने लावणे आलेच. मशिदीच्या आवारात मुवक्किताची खोली असे. येणारे-जाणारे लोक तिथल्या घड्याळात पाहून खिशातले घड्याळ लावून घेत आणि पुढे जात. 1 जानेवारी 1926 पासून तुर्कस्तानने मध्यरात्रीपासून मोजायची चोवीस तासांची वेळ स्वीकारली आणि ही रीत संपली. सोय झाली, यात शंका नाही. पण पिढ्यान्पिढ्या माणसे रोज एकदा थांबून "माझी वेळ बरोबर आहे ना?" असे विचारत होती, ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अब्बांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला, मग हात. चहाचा कप धरवेना. तसबीहचे मणी बोटांतून निसटायचे. आणि चावी तर चिमटीत येईनाच. दोनदा-तीनदा प्रयत्न करून ते घड्याळ तसेच उशाशी ठेवत. दुसऱ्या दिवशी ते थांबलेले असे.

आम्ही भावंडांनी यावर लगेच उपाय केला. थोरल्या भावाने मोठ्या आकड्यांचे बॅटरीचे घड्याळ आणले. "अब्बा, आता चावीची कटकट नाही." अब्बांनी "जजाकल्लाह" म्हणून ते बांधून घेतले. 'जनता' कपाटात गेले. आम्हाला वाटले, आपण सेवा केली. मीही तसेच समजत होते. त्यांच्या हातून एकेक काम गळत चालले होते : दाढी धाकटा करून देई, औषधे अम्मी मोजून देई, सही करायची वेळ आली की अंगठा पुढे केला जाई. त्यात जे एक काम कोणाला दाखवायचे नव्हते, कोणासाठी करायचे नव्हते, ते आम्ही आपल्या हाताने काढून घेतले. फज्रनंतर चहा झाला की ते तळहाताकडे बघत बसत. मला ते दिसत होते, पण अर्थ कळत नव्हता.

कळला तो धाकट्या भावाच्या मुलाला, माझ्या भाच्याला. तेव्हा तो नववीत होता. कपाटात काहीतरी शोधताना त्याला 'जनता' सापडले. तो ते घेऊन बाजारातल्या एका घड्याळ दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेला. त्यांचे दुकान म्हणजे जिन्याखालची टपरीच. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर काचेच्या झाकणाखाली चाके. चाचांनी घड्याळ उघडून सांगितले की बिघडलेले काही नाही, तेल वाळले आहे. त्यांनी ते पूर्ण सोडवून धुतले, तेल घातले, नवी काच बसवली. चार दिवसांनी मुलगा घड्याळ घेऊन आजोबांपुढे उभा राहिला.

"दादाजान, चावी मी देतो. तुम्ही मोजा."

दुसऱ्या दिवसापासून तसेच सुरू झाले. फज्र झाली की मुलगा अब्बांच्या पलंगाच्या कडेला बसे, घड्याळ आपल्या हातात घेई आणि अब्बा मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन... आवाज थरथरत असे, पण आकडा चुकत नसे. "बस. आता तिचं ऐक." मग काटे लावले जात. मग मुलगा घड्याळ त्यांच्या हातावर बांधे. बॅटरीचे घड्याळ कुठे गेले, हे कोणी विचारले नाही.

यात आणखी एक गोष्ट घडली. या मुलाला फज्रला उठवणे हे त्याच्या आईचे रोजचे युद्ध होते. आता चावी फज्रनंतरच द्यायची, हा अब्बांचा कायदा. त्यामुळे तो उठू लागला. आधी चावीसाठी उठला, मग नमाजेसाठी उठायला लागला. दादाजानच्या खुर्चीशेजारी नमाजेला उभा राहायचा. एकदा ते घड्याळ त्याने स्वतःच्या हातावर बांधून नमाज पढली आणि सलाम फिरवल्यावर म्हणाला, "सजद्यात हात कानाशी येतात ना, तेव्हा टिकटिक स्पष्ट ऐकू येते!" अब्बा म्हणाले, "ऐकू येणारच. पण लक्ष नमाजेत ठेव, घड्याळात नको." सगळे हसले.

थोडे का होईना, पण नेमाने केलेले अमल अल्लाहला प्रिय असते, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. सांगणे सोपे असते. नेम म्हणजे नेमके काय, हे त्या मुलाला पलंगाच्या कडेवर कळले. एक दिवस दहा वेळा चावी देऊन उरलेले नऊ दिवस भागत नाही. आज दिलेली चावी आजच्यापुरती, उद्याची उद्या. भरल्यावर जोर केला तर स्प्रिंग तुटते. चुकले तर लाजायचे नाही, विचारून लावून घ्यायचे. कुरआनातली अवघ्या तीन आयतींची सूरह अल-अस्र काळाच्या शपथेने सुरू होते. ती आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असते. पण काळ हातातून निसटतो म्हणजे काय, ते गुंडाळलेली पट्टी उलगडताना जितके समजते, तितके मोबाईलवरच्या आकड्यांत मला तरी कधी समजले नाही.

दोन वर्षे असे चालले. मग एका संध्याकाळी, मगरिबनंतर, अब्बा अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्या सकाळी चावी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी दफनविधी, पाहुणे, धावपळ. घड्याळाची आठवण कोणाला असणार? तिसऱ्या दिवशी सकाळी इद्दतीत बसलेली अम्मी म्हणाली, "कपाटावरून आवाज येत नाही." पाहिले तर काटे पावणेअकरावर थांबले होते.

थोरला भाऊ म्हणाला, "राहू दे तसंच. आपण काचेच्या पेटीत ठेवू. अब्बांची वेळ आहे ती." त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्याचे प्रेम कोणाहून कमी नव्हते. पण अम्मीने मान हलवली.

"ही त्यांची वेळ नाही," ती म्हणाली. "आपण चावी द्यायला विसरलो, ती वेळ आहे."

कोणी काही बोलले नाही. नातू उठला, वुजू करून आला आणि पलंगाच्या कडेला बसला. या वेळी मोठ्याने मोजायला कोणी नव्हते. त्याचा तोच मोजू लागला.

पुढे वारशाचा प्रश्न आला. घर, थोडी ठेव आणि या वस्तू. शरीअतमध्ये मय्यताची लहानशी वस्तूही वारसांच्या हिश्श्यात येते. आठवण म्हणून कोणी परस्पर उचलून न्यायची नसते, हे आपण फार वेळा विसरतो. मुलगा हयात असताना नातू वारस होत नाही. वारस नसलेल्या व्यक्तीसाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, पण अब्बांनी तशी वसीयत केली नव्हती. म्हणजे घड्याळ अम्मीचे आणि आम्हा तिघा भावंडांचे होते. बैठकीत धाकटा भाऊ गप्प होता, कारण प्रश्न त्याच्याच मुलाचा होता. थोरल्याने थोडा वेळ घड्याळ हातात धरले, चावी कुरवाळली आणि म्हणाला, "मी याला रोज चावी देईन का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तो देईल." मग आम्ही चौघांनी राजीखुशीने आपापला हिस्सा सोडला आणि घड्याळ मुलाला हिबा केले. घराच्या वाटणीला आम्हाला तीन बैठका लागल्या. पण त्या तीनही शांतपणे झाल्या, त्याचे श्रेय मी या पहिल्या बैठकीला देते.

घड्याळात काही बरकत असते, असे मला म्हणायचे नाही. ती लोखंड-पितळेची वस्तू आहे. जपली जाते ती सवय, आणि त्या सवयीच्या निमित्ताने दोन माणसे रोज पाच मिनिटे एकमेकांजवळ बसतात. बॅटरीचे घड्याळ आपल्याला विसरू देते. चावीचे घड्याळ विसरू देत नाही. त्याचे आकर्षण माझ्या मते एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

तुमच्याही घरी असे घड्याळ असेल, तर ते बाहेर काढा. थोड्या सूचना देते. बरीच वर्षे बंद असलेल्या घड्याळाला एकदम भरपूर चावी देऊ नका. आधी जाणकार कारागिराकडून साफ करून तेल घालून घ्या, कारण वाळलेल्या तेलात चालवले तर चाके झिजतात. त्यानंतर दर चार-पाच वर्षांनी तेच करा. चावी रोज एकाच वेळी आणि घड्याळ हातावरून काढून द्या. हातावर असताना दिली की चावीच्या दांडीवर तिरका ताण येतो. वुजूच्या आधी घड्याळ काढून ठेवा, त्वचा पूर्ण भिजेल आणि घड्याळही वाचेल. लोहचुंबक आणि स्पीकरपासून दूर ठेवा. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने चिकटली की घड्याळ भरधाव पळू लागते. आणि ऑनलाइन 'जुने एचएमटी' घेताना जपून. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून, तबकडी नव्याने रंगवून विकलेली घड्याळे बाजारात खूप आहेत. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांचे ते घड्याळ आहे ते हयात असतील, तर ते त्यांच्यासमोर, त्यांना विचारून सुरू करा. त्यांचा हात चालत नसेल तर मोजायचे काम त्यांना द्या.

माझा भाचा आता शिकायला पुण्यात असतो. वसतिगृहात अभ्यास, परीक्षा, जागरणे. कधीतरी चावी चुकते आणि घड्याळ थांबते. मग फज्रनंतर मला त्याचा फोन येतो.

"फुप्पी, किती वाजले सांगा ना. घड्याळ लावायचंय."

ज्या फोनवरून तो बोलतो, त्याच फोनवर वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि सांगते, "सहा वाजून बावीस." पलीकडून कर्र कर्र ऐकू येते. तो मनात मोजत असतो, म्हणून मी मधे बोलत नाही. पंचवीसच्या पुढे आवाज हळू होतो आणि थांबतो.

"भरलं?" मी विचारते.

"भरलं," तो म्हणतो. "तुमचा चहा झाला का?"